पट्टी कोणी उतरवली?

आमच्या देवस्थानांच्या कार्यकारी मंडळांस आम्ही एक साधा प्रश्न विचारू इच्छितो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सप्ताहाच्या, पालखीच्या, वर्धापनदिनाच्या निमित्ताने आपण भजन-कीर्तनाच्या ज्या तबकड्या काढल्या, प्रसादाबरोबर भाविकांस वाटल्या, त्यांपैकी किती तबकड्यांवरील सूर मूळ गाणाऱ्याच्या पट्टीत आहे? वेष्टनावर देणगीदाराचे नाव असते, त्याच्या वडिलांचे असते, मांडववाल्याचे आणि छापखान्याचेही असते. परंतु मुद्रण कोणत्या गतीने केले आणि तबकडीवर उतरविताना त्या गतीचे काय केले, याविषयी त्या वेष्टनावर अवाक्षर नसते. विचारावयास जावे तर चिटणीस ध्वनिमुद्रकाकडे बोट दाखवितात आणि ध्वनिमुद्रक यंत्राकडे. यंत्र बिचारे काही बोलत नाही.

हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे, देवळाचा नाही, असे ज्यांस वाटते त्यांच्यासाठीच हा लेख आहे.

प्रथम वस्तुस्थिती सांगणे प्राप्त आहे. आजचे यंत्र आवाज सलग रेषेप्रमाणे साठवीत नाही. सेकंदाला ठरावीक वेळा ते आवाजाच्या लहरीची उंची मोजते आणि तो आकडा लिहून ठेवते. या मोजणीस नमुना घेणे म्हणतात, आणि सेकंदास घेतलेल्या नमुन्यांच्या संख्येस व्यवहारात सॅम्पलिंग रेट. आपण तिला नमुनागती म्हणू. माणसाच्या कानास सुमारे 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. एखादा आवाज जसाच्या तसा परत उभा करावयाचा तर त्यातील सर्वांत उंच कंपनाच्या दुपटीहून अधिक नमुने घ्यावे लागतात. म्हणजे 40,000 च्या वर कोठेतरी थांबले पाहिजे. कोठे थांबावे, याचे उत्तर मात्र शास्त्राने न देता दोन वेगवेगळ्या धंद्यांनी दिले, आणि आपल्या सर्व दुखण्याचे मूळ तेथे आहे.

1982 साली जपानात बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कची गती 44,100. हा चमत्कारिक आकडा आला कोठून? त्या काळी इतके आकडे साठविण्यास चित्रफितीच्या यंत्राखेरीज सोयीचे दुसरे साधन नव्हते. चित्राच्या प्रत्येक रेषेवर तीन नमुने बसविले, अमेरिका-जपानच्या पद्धतीत 245 रेषा सेकंदाला 60 वेळा, किंवा युरोपच्या पद्धतीत 294 रेषा सेकंदाला 50 वेळा, की दोन्हीकडे गुणाकार बरोबर 44,100 येतो. दुसऱ्या बाजूस व्यावसायिक ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण यांनी 48,000 ही गती धरली. डिजिटल फितीची यंत्रे 1987 साली निघाली ती याच गतीची. तीवर तबकड्यांच्या नकला उतरवता येऊ नयेत म्हणून घरगुती यंत्रांत 44,100 ने मुद्रण करण्याची सोय प्रारंभी मुद्दामच ठेवली नव्हती. व्यापाऱ्यांच्या या भांडणाशी आमच्या देवळांचा काहीएक संबंध नव्हता. तरी त्याचे फळ आम्ही भोगीत आहो, कारण उत्सवाचे चित्रीकरण करणारा गृहस्थ कॅमेरा घेऊन येतो तो 48,000 ने आवाज घेतो, आणि मंडळास तबकडी हवी असते ती 44,100 ची.

आता या दोहोंमध्ये पूल बांधण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग अडाण्याचा: 48,000 ने घेतलेले नमुने जसेच्या तसे उचलून ते 44,100 चेच आहेत असे यंत्रास सांगावयाचे. मग एका सेकंदात घेतलेले नमुने वाजावयास एका सेकंदाहून अधिक वेळ लागतो. साठ मिनिटांचे कीर्तन पासष्ट मिनिटे अठरा सेकंदांचे होते आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने खाली उतरतो. दुसरा मार्ग आळशाचा. 48,000 आणि 44,100 यांचे प्रमाण 160 ला 147 असे आहे. तेव्हा दर 160 नमुन्यांतून 13 टाकून द्यावे आणि हात झटकावेत. तिसरा मार्ग शास्त्राचा. त्यात आधी 22,050 च्या वरची कंपने गाळून घेतात आणि मग मूळ नमुन्यांतून जी लहर जाते तिच्यावर नव्या गतीच्या क्षणी कोणती उंची येईल, ते गणिताने काढतात. एकही नमुना नुसता टाकला जात नाही. सर्वच्या सर्व नव्याने मोजले जातात. हे गणित करणाऱ्या चांगल्या आज्ञावली आज फुकट मिळतात. म्हणजे पैशाची सबबही उरत नाही.

राखोली येथे आम्ही पहिल्या दोन मार्गांची फळे एकाच सप्ताहाच्या तबकड्यांत ऐकली, म्हणून हे सर्व लिहावेसे वाटले. राखोली हे गाव दादरा व नगर हवेलीत, सिल्वासाहून खानवेलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दमणगंगेच्या काठी आहे. या भूमीचे आणि गाण्याचे नाते आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. 1954 च्या जुलै-ऑगस्टात ती पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाली, तेव्हा संगीतकार सुधीर फडके स्वतः त्या लढ्यात उतरले होते, आणि लढ्यास पैसा उभा राहावा म्हणून लता मंगेशकर यांनी पुण्यात गायनाचा कार्यक्रम केला होता. पुढच्याच वर्षी रामनवमीस, 1 एप्रिल 1955 रोजी, पुणे आकाशवाणीवरून त्याच फडक्यांच्या आवाजात गीतरामायण सुरू झाले आणि वर्षभर घराघरांत लोक रेडिओपुढे हात जोडून बसले. ज्या भूमीच्या मुक्तीस गाणाऱ्यांचा हात लागला, तेथे तरी गाणाऱ्याच्या सुराची कदर व्हावी, अशी अपेक्षा धरणे फार होत नाही.

आज राखोलीच्या आसपास सुताचे आणि कापडाचे कारखाने आहेत, कामासाठी दूरदूरहून आलेली कुटुंबे आहेत, आणि जेथे मराठी माणूस चार वर्षे टिकला तेथे टाळ-मृदंग आला नाही असे होत नाही. अशाच एका भजनी मंडळाच्या सप्ताहाचे चित्रीकरण झाले होते. मंडळाचे म्हातारे बुवा काळी एकच्या पट्टीत गात; ही गोष्ट तेथील लहान पोरासही ठाऊक. चित्रीकरणातील आवाज वेगळा काढून जवळच्या शहरातील एका दुकानात त्याच्या तबकड्या केल्या गेल्या. दुकानाचे नाव आम्ही घेत नाही. त्याच्यासारखी शंभर असतील. पुढे बुवा वारले. कॅमेऱ्यातील फितीवर कोणाचेसे लग्न उतरविले गेले. उरल्या त्या तबकड्या.

या तबकड्या लावून तरुण मुले अभंगांच्या चाली बसवू लागली, तो पेटी जुळेना. काळी एक धरावी तर बुवा खाली, पांढरी एक धरावी तरी खाली, आणि तिच्याखालची पांढरी सात धरावी तर बुवा वर. सूर दोन पट्ट्यांच्या ऐन मधल्या फटीत. शेवटी मुलांनी पेटीच दुरुस्तीला धाडली! पेटीवाल्याने ती तपासून, तीत काही बिघाड नाही असे सांगून परत केली, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण म्हटले पाहिजे. बुवांची लयही मंदावलेली होती: मिनिटास शंभर मात्रांचा ठेका ब्याण्णवावर आलेला. मृदंग, टाळ, तंबोरा, सगळे एकत्रच उतरलेले असल्याने आपापसांत ते सुरात होते, म्हणून नुसत्या ऐकणाऱ्यास संशय येण्याचे कारण नव्हते.

यावर मंडळातील एका वडीलधाऱ्यांनी जे उत्तर दिले ते आम्हांस अनेक ठिकाणी ऐकावयास मिळाले आहे, म्हणून त्याचा समाचार येथेच घेतो. ते म्हणाले, "आवाज थोडा खाली गेला तर काय झाले? उलट गंभीर वाटतो. भक्तीला गंभीर आवाजच बरा. आणि देव काय पट्टी पाहतो?" देव काय पाहतो याविषयी आम्ही अधिकाराने बोलू शकत नाही. परंतु देवळात मूर्तीचा एक अवयव खंडित झाला तर आम्ही शास्त्रार्थ विचारावयास धावतो, नैवेद्यात मीठ कमी पडले तर स्वयंपाक्याची झडती घेतो. मग बुवांनी आयुष्यभर सांभाळलेली पट्टी दुकानातील पोऱ्याने अजाणता बदलली तर ती मात्र "गंभीर वाटते" म्हणून गोड मानून घ्यावयाची? आणि हे बोलणार कोण, तर ज्या महाराष्ट्रात श्रुतींवरून ग्रंथ लिहिले गेले तेथील मंडळी! सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींची मोजदाद करण्यात आयुष्याची उत्तरार्धातील वर्षे घातली. शेजारच्या दोन श्रुतींतील सर्वांत लहान अंतर अर्धस्वराच्या साधारण पाचव्या हिश्शाइतके येते. तेवढ्यावरून आमचे विद्वान एकमेकांशी बोलेनासे झाले, आणि त्याच्या सहा-सात पट फरक आम्ही तबकडीबरोबर मुकाट्याने गिळतो.

गंभीरपणाचा युक्तिवाद आणखी एका कारणाने लटका आहे. गाणाऱ्याने आपण होऊन खालची पट्टी घेतली तर त्याचा आवाज गंभीर होतो; यंत्राने ओढून खाली आणला तर त्याच्या स्वरातला माणूसच बदलतो. गळ्याची, टाळूची, नाकाची जी अनुनादाची घडण असते तीही सुराबरोबर खाली ओढली जाते. मग तो आवाज बुवांचा राहत नाही, त्यांच्याहून आडव्या बांध्याच्या कोणा परक्या माणसाचा होतो. ज्या नातवाने आजोबांस ऐकलेलेच नाही त्यास तोच आवाज आजोबांचा म्हणून ठाऊक होणार.

मात्र ज्या चुकीने एवढा गोंधळ झाला ती चूक पूर्णपणे निस्तरता आली. पहिल्या मार्गात एकही नमुना गहाळ झालेला नसतो. केवळ त्याच्यावरचे गतीचे लेबल खोटे असते. तबकडीवरील आकडे परत संगणकावर घेतले, ते 48,000 चे आहेत असे यंत्रास सांगितले, आणि बुवा आपल्या काळी एकवर येऊन बसले. पेटीवर बोट ठेवले तो सूर मिळाला. मंडळींच्या डोळ्यांना पाणी आले, ते येणारच.

परंतु त्याच सप्ताहातील तिसऱ्या रात्रीच्या तबकडीचे तसे झाले नाही. दुकानदारास कोणीतरी तक्रार केली असावी, कारण त्या रात्रीचा सूर जागेवर होता आणि लांबीही बरोबर होती. ऐकणाऱ्यांनी तीच तबकडी सर्वांत चांगली म्हणून उचलून धरली होती. आम्हांस मात्र टाळांच्या आवाजात एक खरखर ऐकू येत होती, तंबोऱ्याच्या मागे वाळू चाळल्यासारखा आवाज येत होता, आणि बुवांच्या लांबवलेल्या आकारास बारीक कंगोरे आलेले होते. हा दुसरा मार्ग, नमुने टाकून देण्याचा. टाकलेले नमुने आता कोठून आणणार? मूळ फीत पुसलेली. ती रात्र तेवढी खरखरीतच राहणार. कानास टोचणारी चूक दुरुस्त झाली आणि न टोचणारी कायमची बसली, ही गोष्ट मंडळांनी नीट ध्यानात घ्यावी, कारण तक्रार सर्वत्र पहिलीचीच होते.

देवळांच्या ध्वनिमुद्रणात हा धोका गाण्याच्या मैफलीपेक्षा अधिक आहे. आमच्याकडे टाळ, झांज आणि घंटा आहेत. धातूच्या वाद्यांचे सूक्ष्म नाद माणसाच्या कानापलीकडे जातात. हल्ली हौसेने 96,000 ने मुद्रण करणारेही भेटतात. त्यांच्या मुद्रणात झांजेचा 30,000 कंपनांचा नादही शिरतो. तो न गाळता 44,100 वर उतरविला तर गणिताच्या नियमाने तो दुमडतो आणि 14,100 वर, म्हणजे ऐकू येणाऱ्या प्रदेशात, प्रकट होतो. झांजेत कधीच नसलेला सूर झांजेच्या नावावर जमा! 48,000 वरून उतरविताना हे दुमडणे बहुधा कानाच्या मर्यादेवरच राहते, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. परंतु मोठा आकडा पाहून हुरळणाऱ्यांनी आपण घरात काय घेत आहो ते जाणून घ्यावे.

या मोठ्या आकड्यांच्या बाजारावर दोन शब्द. काही ठिकाणी जुन्या तबकडीतील किंवा भ्रमणध्वनीवर दाबून बारीक केलेले भजन घेऊन त्याची गती 96,000 वर चढवितात आणि "उच्च दर्जा" म्हणून विकतात. शेरभर दुधात पाणी घालून दोन शेर केले म्हणजे दूध वाढत नाही. जे नमुने मुळात घेतलेच नाहीत ते मागाहून गणिताने उत्पन्न होत नाहीत. फक्त धारिका फुगते. ज्या लहान मंडळास तबकडीखेरीज काही करावयाचेच नाही, त्याने सरळ 44,100 ने मुद्रण करावे. मग रूपांतरच नको आणि त्याचा धोकाही नको. हा सल्ला फारच साधा आहे म्हणून तो कोणी देत नाही, कारण त्यात कोणास काही विकता येत नाही.

ज्यांस मुद्रण पुढील पिढीसाठी जपावयाचे आहे त्यांची गोष्ट निराळी. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुन्या फिती उतरवून घेण्यास किमान 48,000 ची गती आणि प्रत्येक नमुन्यास 24 बिटांची मोजपट्टी सांगितली आहे. अनेक संग्रहालये 96,000 धरतात. 24 बिटांचे मुद्रण 16 बिटांच्या तबकडीवर आणताना शेवटचे अंक नुसते कापले, तर घंटेचा विरत जाणारा नाद एका ठिकाणी पायऱ्या-पायऱ्यांनी तुटतो. तो तुटू नये म्हणून किंचित खळखळ मुद्दाम मिसळतात, तिला डिदर म्हणतात. ध्वनिमुद्रकास एवढेच विचारावे की, डिदर घातले काय? तो गोंधळला तर दुसरा पाहावा.

आता जागेची आणि खर्चाची सबब. 48,000 गतीचे, 24 बिटांचे, दोन बाजूंचे मुद्रण तासाला सुमारे एक गिगाबाइट जागा घेते. सप्ताहात रोज सहा तास धरले तर सात दिवसांचे बेचाळीस तास होतात, आणि ते सगळे नखाएवढ्या चौसष्ट गिगाबाइटच्या चकतीवर मावून जागा उरते. ज्या देवस्थानास रोषणाईवर खर्च करता येतो त्यास ही चकती परवडत नाही असे कोणी म्हणू नये.

एका गोमंतकीय गायिकेचे उदाहरण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. फोंडे महालातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी 1977 साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर चढली. ती तबकडी ऐकणारे कोण असतील, त्यांना कान असतील की नाही, हेही पाठविणाऱ्यांस ठाऊक नव्हते. तरी त्यांनी आवरणावर तबकडीच्या एका फेऱ्यास किती काळ लागावा हे कोरून ठेवले. तो काळ 3.6 सेकंदांचा, आपला सेकंद परक्यास कळणार नाही म्हणून तो हायड्रोजन अणूच्या एका संक्रमणाच्या कालमानात लिहिला. म्हणजे ताऱ्यांपलीकडे जाणाऱ्या केसरबाईंची पट्टी बिघडू नये म्हणून इतकी काळजी, आणि शेजारच्या आळीत राहणाऱ्या भाविकासाठी वेष्टनावर पाच अंक छापावयास आम्हांस जागा सापडत नाही.

हा घोळ केवळ आजच्या यंत्रांनी आणला असेही नाही. लाखेच्या तबकड्यांच्या पहिल्या दशकांत फेऱ्यांची गती सर्वत्र बरोबर 78 नसे. त्या काळातील गवयांची खरी पट्टी कोणती यावर संग्राहक अजून वाद घालतात. मात्र त्या वेळच्या गायकांची एक चाल आम्हांस फार उपयोगाची वाटते. कलकत्त्यास 1902 साली ध्वनिमुद्रण झालेली गौहरजान गाणे संपताच स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारीत असे. तिची ओळख तिच्या आवाजातच बांधलेली. वेष्टन हरवले, कागद कुजला, तरी नाव शाबूत.

आमची सूचना तीच आहे. मुद्रण सुरू होताच कोणीतरी माइकपाशी जाऊन देवस्थानाचे नाव, तिथी, तारीख आणि वर्ष, गाणाऱ्याचे नाव व त्याची पट्टी उच्चारावी, नमुनागती सांगावी, आणि मग पेटीवर त्या पट्टीचा षड्ज दहा सेकंद धरून ठेवावा. पन्नास वर्षांनी एखाद्या यंत्राने खोटी गती लावली तरी तो षड्ज त्याची चोरी पकडून देईल. बाकीचे सर्व चिटणिसांच्या हातचे आहे. मूळ मुद्रणाची धारिका दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी, तबकडीसाठी रूपांतर त्या मूळ प्रतीवरून एकदाच करावे, रूपांतरितावरून पुन्हा रूपांतर करू नये, आणि ध्वनिमुद्रकाचे शेवटचे पैसे मूळ धारिका हातात पडल्यावरच द्यावेत. हे शेवटचे कलम खजिनदारांस विशेष आवडेल असे वाटते.

आणि ज्या देवस्थानांच्या कपाटांत अजून चित्रीकरणाच्या लहान फिती, कॅसेटी किंवा डिजिटल फिती पडून आहेत त्यांनी इतर सर्व कामे बाजूस ठेवून आधी त्या बाहेर काढाव्यात. त्यांतील काही चित्रफितींवर आवाज 48,000 ने न घेता 32,000 ने घेतलेला असतो, कारण कॅमेऱ्यात तशीही एक सोय होती. तेव्हा उतरवून घेणाऱ्यास आधी ती गती पाहावयास सांगावे. चित्रीकरणाच्या आणि डिजिटल फिती वाजविणारी यंत्रे आता कोणी नवीन बनवीत नाही, आणि पावसाळी हवेत फितीवरचा लेप दरवर्षी थोडा अधिक सुटतो आहे.